दादारावांच्या जीपमधला गडवा

दादारावांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर जो बसेल त्याच्या मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पितळी गडवा ठेवला जातो. गडवा म्हणजे लोटा. आमच्या आसेगावात ही गोष्ट लहानथोरांना ठाऊक असल्यामुळे शहाणी माणसं मुकाट्यानं मागं जाऊन बसतात. मी दादारावांचा शेजारी, पेशानं शाळामास्तर आणि स्वभावानं भिडस्त. त्यामुळे पुढची सीट माझ्याच नशिबी येते आणि मी ओली पँट घेऊन वर्गात शिरतो. एकदा एका पालकानं मला बाजूला घेऊन वाशीमच्या चांगल्या डॉक्टरचं नाव सुचवलं, तेव्हा रडावं की हसावं तेच मला कळेना.

गडवा धरण्याचेही नियम आहेत. उचलून धरायचा नाही, दाबून धरायचा नाही, वर तळहात तर अजिबात ठेवायचा नाही. "तान्हं लेकरू घेता ना मांडीवर? तसा घ्या," असं ते पहिल्याच वेळी समजावून सांगतात. गाडी थांबली की दादाराव रस्त्याकडे पाहत नाहीत, आरशात पाहत नाहीत, थेट गडव्यात वाकून पाहतात. पाणी सांडलेलं दिसलं की निकाल तयार असतो.

"मास्तर, तुमी हालले."

"मी कशाला हालू? गाडीनं हिसका दिला."

"गाडी काहून हिसका देईन? तिचं तुमचं का वाकडं हाय?"

 मी मुकाट्यानं रुमाल काढतो.

दादाराव मुळात बैलांचे दर्दी. आसपासच्या गावात कुणाला जोडी घ्यायची असली की बाजारात यांना सोबत नेत. बैलाच्या पाठीवरून हात फिरवून, त्याला चार पावलं चालवून आणि मुख्य म्हणजे थांबवून ते निकाल देत. पुढं गुडघे दुखायला लागले, बैल गेले आणि गोठ्यात ही जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप येऊन उभी राहिली. त्यांचं शेत पांदणीच्या, म्हणजे कच्च्या शेतवाटेच्या, पार टोकाला आहे आणि पावसाळ्यात आमची काळी माती पायातली चप्पलसुद्धा परत देत नाही, म्हणून जीप. पण दादारावांचं कारण वेगळंच होतं. "बैल चारी पायानं जोर लावते. मंग गाडीनं दोनच चाकावर कायले चालाव? लंगडी हाय का ते?"

बैल गेले, पण पारख करायची पद्धत काही गेली नाही. "चालनं काय, कोनालेबी येते. थांबून दाखव," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. लग्नातला डीजे, सरपंचाचं भाषण, टीव्हीवरची भांडणं, सगळ्यांना हे एकच माप. माझ्या बायकोच्या बोलण्यालाही त्यांनी एकदा ते लावून पाहिलं. त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरून त्यांच्याकडे भाजीची वाटी गेली नाही.

आता हा गडवा कशासाठी, ते सांगायला हवं. दादारावांना एकच लेक, शीतल. शीतल कॉलेजात असतानाच तिची आई गेली. लेकीला त्यांनी मालेगावकडच्या एका खेड्यात दिलं. घर चांगलं, जावई चांगला, फक्त मधला रस्ता वाईट. आणि शीतलला लहानपणापासून गाडी लागते. बसमध्ये चढल्यापासून उतरेपर्यंत तिच्या घशाखाली पाण्याचा घोटसुद्धा जात नसे. गेला तर तसाच परत येई. लग्नानंतर एकदा दादारावांनी तिला जीपमधून माहेरी आणलं, तर पोर उतरली ती पांढरीफटक होऊन. दोन दिवस नुसती पडून होती. तेव्हापासून तिचं येणंच बंद झालं. फोनवर बापलेक रोज बोलायचे, पण दादारावांचं बोलणं मला ओट्यावरून ऐकू यायचं, ते सगळं "जेवली का?" आणि "बरं" यांच्या मध्ये संपायचं.

आणि आता शीतलला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. दादारावांनी माळ्यावरचा पाळणा काढला, आढ्याला टांगला आणि करकरतो म्हणून त्याच्या कड्यांना तेल दिलं. रिकाम्या घरात तो पाळणा ते उगाच हलवून बघायचे. शीतलच्या आत्याबाईंना बोलावून ठेवलं, माझ्या बायकोनंही "बाळंतपण आम्ही करू" म्हणून सांगितलं. अडलं ते एकाच ठिकाणी. डॉक्टरांनी शीतलला धक्के बसू द्यायचे नाहीत म्हणून बजावलं होतं आणि दादारावांच्या विहीणबाईंनी ते शब्द गाठीला बांधून ठेवले होते. फोनवर त्या स्पष्ट म्हणाल्या, "आईतवारी डोहाळजेवन हाय. सोमवारी या न्यायले. पन आधी मी तुमच्या गाडीत बसून पाहीन. मले धक्का बसला तर सून इथंच राहीन."

तर हे असं होतं. आणि जीपचा ब्रेक दाबला की पाय थरथरे, स्टिअरिंग डुगडुगे आणि गडवा माझ्या मांडीवर रिकामा होई.

"ब्रेकची भानगड हाय, मास्तर," अखेर एके दिवशी दादाराव म्हणाले. "तुमी हालत नव्हते." आयुष्यात त्यांनी माझी माफी मागितली असेल तर ती एवढीच.

शनिवारी आम्ही मंगरूळपीरला युसुफभाईंच्या दुकानात गेलो. युसुफभाई गाड्यांचे सुटे भाग विकतात आणि मागच्या शेडमध्ये बसवूनही देतात. माणूस मोठा शांत. त्यांनी चाक काढून आम्हाला दाखवलं. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी असते ती डिस्क; तिला दोन्ही अंगांनी चिमटीत पकडतात ते पॅड. दादारावांची डिस्क झिजून, तापून वाकडी झाली होती.

"दोनों बाजू की बदलनी पडेगी," युसुफभाई म्हणाले. "एक नई, एक पुरानी, ऐसा नई चलता."

मला वाटलं, दादाराव आता वाद घालतील. पण त्यांचा चेहरा उजळला. "बरोबर हाय! जोडी एका वयाची पाह्यजे. एक नवा, एक म्हातारा जुपला का गाडी एकीकडेच ओढते." युसुफभाईंबद्दल त्यांचं मत त्या क्षणी एकदम चांगलं झालं. युसुफभाईंचं त्यांच्याबद्दलचं मत मात्र पुढच्या तासाभरात खालावत गेलं.

कारण दादारावांनी पारख सुरू केली. काउंटरवर आलेली पहिली डिस्क त्यांनी सुतळीनं टांगली, बोटातल्या अंगठीनं टिचकी मारली आणि डोळे मिटून कान लावला. दुसरी टांगली, वाजवली, कान लावला. "हे बद्द वाजून राह्यली."

"दादारावभाऊ, डिस्क है ये," युसुफभाई म्हणाले. "मटका लेने आये क्या?"

"मटका फुटला तर पानी सांडते, भाऊ. हे फुटली तर?"

युसुफभाईंनी गोदामातून आणखी डिस्का काढल्या. एकीला भोकं पाडलेली होती. दिसायला मोठी झोकदार. युसुफभाई म्हणाले, याने गर्मी निघून जाते, आजकाल शौकीन लोक हीच नेतात. दादारावांनी एका भोकातून माझ्याकडे पाहिलं. "आन आमच्या पांदनीतला चिखल घुसला म्हंजे? मी का काडी घेऊन दात कोरत बसू तिचे?" युसुफभाईही हसले, म्हणाले, मी पण तुम्हाला साधीच देणार होतो.

मग पॅड. एक जोडी दादारावांनी हुंगली, गालाला लावली, नखानं खरवडली. ती कडक होती, लोखंडाचा चुरा मिसळलेली. जास्त टिकते, वजन ओढते, युसुफभाई सांगत होते. "पन धरते कशी? एकदम?" हो, पकड जोरदार आहे. "मंग नाई. मले धरनारा पाह्यजे, चावनारा नाई." दुसरी जोडी सिरॅमिकची निघाली. सिरॅमिक म्हणजे काय, हे समजावताना युसुफभाईंच्या तोंडून "चिनीमाती" असा शब्द गेला आणि दादाराव दोन पावलं मागं सरकले. "लोनच्याच्या बरनीवर माही गाडी थांबवता?"

इथं मात्र युसुफभाईंचा धीर सुटला. त्यांनी हातातलं फडकं काउंटरवर टाकलं. "भाऊ, एक बात बोलो. गाडीत काय नेनार? सोयाबीनचे पोते नेनार असान तर हे कडक घ्या. मानसं नेनार असान तर हे घ्या. बोला, काय नेनार?"

दादारावांनी कडक पॅडची जोडी बाजूला सारली.

"पोरगी," ते म्हणाले. "पहिल्या बाळंतपनाले आनाची हाय. तिले गाडी लागते."

युसुफभाईंनी टाकलेलं फडकं पुन्हा उचललं. स्टूल पुसून त्यांनी दादारावांना बसायला दिलं, चहा सांगितला आणि वरच्या फळीवरून एक खोकं उतरवलं. "ये लो. सिरॅमिकच है, पर अच्छावाला. धीरे से पकडता, आवाज नई, झटका नई. मेरी बेटी आती ना ससुराल से, उस गाडी में भी यही डाला मैंने." मग काय, दादारावांनी त्या खोक्याला टिचकीसुद्धा मारली नाही.

डिस्का बसल्या, पॅड बसले. परत येताना मांडीवर गडवा घेऊन मी आसेगावपर्यंत आलो. दादारावांनी गाडी घरासमोर उभी केली, ती कधी उभी राहिली ते मला समजलंही नाही. गडव्यात पाहिलं, थेंब सांडला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हात हातात घेतला.

गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण दादाराव म्हणजे दादाराव.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदमळणी करतात. वर्षभर जू ओढून सोललेल्या खांद्याला तूप आणि हळद चोळतात आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. तो दिवस नेमका रविवारी आला. तिन्हीसांजेला मी ओट्यावर बसलो होतो. दादारावांच्या अंगणात जीपची पुढची चाकं काढलेली दिसली, आणि दादाराव खाली बसून नव्याकोऱ्या डिस्केला मोठ्या मायेनं काहीतरी चोळत होते. तोंडानं चाललं होतं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मला वाटलं, पुसत असतील. मला गाड्यांतलं काय कळतं?

सोमवारी सकाळी आम्ही निघालो. मी पुढं, मांडीवर गडवा. मागं माझी बायको, मांडीवर शीतलसाठी केलेल्या सांजोऱ्यांचा डबा. गल्लीच्या वळणावर दादारावांनी ब्रेक दाबला. गाडी अगदी अलगद, लाडात आल्यासारखी पुढं जात राहिली. त्यांनी पुन्हा दाबला. गाडी पुन्हा पुढं. वळण मागं गेलं, पाण्याची टाकी मागं गेली आणि समोर आत्मारामांच्या वावरातला गेल्या हंगामातल्या सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग मोठा मोठा होऊ लागला.

"दादाराव, थांबवा!"

"थांबवूनच राह्यलो ना बाप्पा!"

जीप कुटारात शिरली आणि गादीवर टेकावं तशी टेकली.  मग दादारावांनी केसांतलं कुटार झटकलं, वाकून गडव्यात पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले.

"मास्तर, एक थेंब नाई सांडला!"

मागून माझी बायको जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात पुढच्या चाकांतून धूर आला आणि गल्लीभर शिऱ्याचा खमंग वास सुटला. दोन घरांतून विचारणाही झाली, आज कोणाकडे काय आहे म्हणून.

फोन केल्यावर युसुफभाई मोटारसायकलनं आले. चाक काढून त्यांनी डिस्केवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि आकाशाकडे पाहिलं. "या अल्ला! भाऊ, ब्रेकले तूप? सारी दुनिया पकडने के लिए ब्रेक लगाती, आपने फिसलने के लिए लगाए."

"जिच्या खांद्यावर ओझं, तिलेच चोळाव लागते ना," दादाराव म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

डिस्का पेट्रोलनं धुऊन निघाल्या, पण पॅड तूप पिऊन बसले होते. ते टाकून द्यावे लागणार होते. तसे दुसरे मंगरूळपीरला नव्हते, वाशीमहून आणायचे म्हणजे दिवस जाणार. एवढ्यात विहीणबाईंचा फोन आला. दादारावांनी तो कानाला लावला आणि नुसते "हो", "हो" करत राहिले. शेवटी म्हणाले, "उद्या. उद्या नक्की येतो." पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे. फोन ठेवून ते जीपच्या पायरीवर बसले.

"एक दिवस देल्ला. उद्या नाई जमलं तर राहू द्या म्हनते." एक पिवळा झालेला पॅड उचलून त्यांनी धोतराला पुसून पाहिला. "लाडानंच खराब केलं, मास्तर. तिची माय असती तर म्हनली असती, हात नका लावू."

मी म्हणालो, वाशीमहून भाड्यानं चांगली गाडी करू. त्यांनी मान हलवली. "भाड्याची गाडी तिच्या मनानं थांबन. अंदर माही पोरगी बसली हाय, हे तिले कोन सांगन?"

माणसाचा राग यावा आणि त्याची मायाही वाटावी, हे दोन्ही एकदमच होतं. युसुफभाईंनाही तसंच काही झालं असावं. त्यांनी मोटारसायकलला किक मारली आणि ते तडक वाशीमला गेले. उन्हं कलायच्या आत तसेच पॅड घेऊन परत आले, अंगणात बसून बसवले आणि दादारावांना शपथ घातली, आता तूप फक्त भातावर.

नवे पॅड डिस्केवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवायची, ब्रेक लावून हळू करायची, पण थांबवायची नाही, पुन्हा पळवायची, असं बरेचदा करा, हेही त्यांनी सांगितलं. दादारावांनी ते लगेच केलं. आता आमच्या फाट्यावर एसटीची वाट पाहत माणसं उभी असतात. जीप जोरात यायची, त्यांच्यापाशी येऊन हळू व्हायची, माणसं पिशव्या उचलून धावायची आणि जीप पुन्हा जोरात निघून जायची. थोड्या वेळानं परत तेच. एक म्हातारबा तर प्रत्येक खेपेला धावले. शेवटी ते मधोमध उभे राहून ओरडले, "दादाराव, न्याचं नसन तर नको नेऊ, पन आशा कायले लावतं?"

मंगळवारी आम्ही विहीणबाईंच्या दारात उभे राहिलो. त्यांनी आधी जीपभोवती एक चक्कर मारली. मग पदर खोचून पुढच्या सीटवर बसल्या. दादारावांनी त्यांच्या मांडीवर गडवा ठेवला. "हे काय?" "धरा जी. तान्हं लेकरू धरता तसा." गावाला फेरी मारून, खड्डे आणि गतिरोधक ओलांडून जीप परत आली तेव्हा विहीणबाई तशाच सरळ बसलेल्या होत्या, श्वास रोखून, दोन्ही हातांत गडवा. उतरल्या आणि म्हणाल्या, "न्या." मग जरा थांबून, "मलेबी एखाद्यावेळी मंगरूळच्या दर्ग्याले नेजा."

शीतल पुढं बसली. गडवा तिच्या मांडीवर, लिंबाची फोड मुठीत, पिशवी तयार. मी आणि बायको मागं.  मान पुढं काढून, दूरवरचा खड्डा दिसला की आधीच पाय हळूहळू दाबत, दादाराव गाडी चालवत होते. लेकीकडे पाहायची त्यांना हिंमत होत नव्हती, हे मला आरशात दिसत होतं. मालेगाव गेलं, वाशीम गेलं. शीतलचे डोळे मिटलेले. मला राहून राहून वाटत होतं, आता ही पिशवी उघडणार.

आणि तेव्हा मला उमगलं की हा माणूस इतके महिने गावातल्या ज्याला त्याला, काम असो नसो, गाडीत घालून वाशीमला आणि मंगरूळला का नेत होता. त्या सीटवर आम्ही सगळे शीतलच्या जागी बसलो होतो.

आसेगाव आलं. जीप दारात उभी राहिली. आत्याबाई भाकरतुकडा ओवाळायला बाहेर आल्या. दादाराव वळसा घालून लेकीच्या बाजूला गेले आणि सवयीप्रमाणे आधी गडव्यात वाकले.

गडवा रिकामा होता.

त्यांचा चेहरा असा उतरला की मला पाहवेना. सीटवर हात फिरवला; कोरडी. खाली पाहिलं, कोरडं. "सांडलं?" त्यांनी विचारलं. "कुठंसा धक्का बसला, माय? सांग ना."

"नाई बाबा," शीतल म्हणाली. "म्या पेलं."

"काय पेलं?"

"पानी. वाशीमच्या पुढं तहान लागली. तुमी गाडी चालवून राह्यले होते म्हनून सांगतलं नाई."

चालत्या गाडीत तिनं पाणी प्यालं होतं. जन्मात पहिल्यांदा. प्यालं आणि ते पोटात राहिलं.

 दादारावांनी तिच्या हातातून गडवा घेतला आणि अंगणातल्या नळाशी जाऊन, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. नळ सोडला. गडवा भरला, भरून वाहू लागला, पाणी त्यांच्या धोतरावर आणि चपलांवर सांडू लागलं, तरी नळ बंद होईना. माझ्या बायकोनं मला खूण केली, जाऊ नका. मी कसला जातो? माझेच डोळे भरून आले होते.

आत्याबाईंनी तुकडा ओवाळून टाकला. शीतल ओट्यावर टेकली, पाय पसरले आणि तिथूनच हाक मारली, "बाबा, आना ना. अजून तहान हाय मले."

"आनतो, माय," दादाराव न वळताच म्हणाले.